इरले घेतलेला पूल

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात गेले होते. निघालो होतो पानांचे रंग पाहायला, आणि दुपारपर्यंत लाल, नारिंगी, पिवळे असे इतके पाहून झाले की आई डोळे मिटून बसली. परतीच्या वाटेवर न्यू हॅम्पशायरच्या बाजूने, कनेक्टिकट नदीच्या काठाकाठाने येताना कॉर्निश गावाशी एक लांबलचक लाकडी पूल लागतो. पलीकडे व्हर्माँटमधले विंडसर, त्याच्या मागे अॅस्कटनी डोंगर. आईला तो पूल दाखवायचा हे माझ्या मनात आधीपासून होते, म्हणून मुद्दाम गाडी वळवून आत घातली. उन्हातून एकदम अंधारात शिरल्यासारखे झाले. दोन्ही अंगांना तिरक्या तुळयांची जाळी, डोक्यावर कैच्या, वरच्या फटींतून गाळून आलेला पट्ट्यापट्ट्यांचा उजेड, आणि चाकांखाली फळ्यांचा तो खोल, लांबत जाणारा घरंगळता आवाज. खिडकीची काच उघडी होती. जुन्या माळ्यावर येतो तसा सुकलेल्या लाकडाचा, धुळीचा वास आत आला. पूल संपेपर्यंत आई काही बोलली नाही. विंडसरच्या टोकाला उजेडात आल्यावर तिने मान मागे वळवून पाहिले आणि विचारले, “पुलाला छप्पर कशाला गं? पुलात कोण राहतं?”

मी म्हणाले, “इथे बर्फ पडतो ना आई. रस्त्यावर साचू नये म्हणून.”

ती “हो का” म्हणाली. पुढे थोड्या वेळाने, गाडी नदीकाठी उभी करून आम्ही पुलाकडे पाहत असताना, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाली, “लावणीला वाकलेलं माणूस दिसतंय. इरलं घेतलेलं.” तेव्हा मी हसले आणि विषय तिथेच राहिला. पण तिचा तो “हो का” माझ्या कानांतून गेला नाही. ज्या बाईने जन्माची पहिली वीस वर्षे कोकणात छपराखाली आणि छपराच्या काळजीत काढली तिला माझे उत्तर पटले नव्हते, आणि परक्या देशातल्या गोष्टी मुलीला अधिक ठाऊक असणार अशा समजुतीने तिने ते मान्य केले होते. आई परत डोंबिवलीला गेली. मी थंडीच्या संध्याकाळी या पुलांविषयी मिळेल ते वाचत बसले, आणि डिसेंबरात कधीतरी लक्षात आले की मी तिला नेमके उलटे सांगितले होते.

या पुलांमध्ये बर्फ मुद्दाम नेऊन घालत असत. मोटारी येण्यापूर्वीच्या काळात इथल्या हिवाळ्यात चाकांच्या गाड्या बाजूला पडत आणि घसरगाड्या निघत. रस्त्यावरचा बर्फ काढण्याची पद्धत नव्हती. घोडे जुंपलेले मोठाले लाकडी रूळ फिरवून तो दाबून टणक केला जाई, कारण घसरगाडीला तोच रस्ता सोयीचा. मैलोन्‌मैल सुरळीत चाललेली गाडी छपराच्या पुलात शिरली की खाली कोरड्या फळ्या लागत, आणि लाकडांच्या ओझ्याखाली घसरगाडीच्या धावा त्या फळ्यांवर करकरत अडत. म्हणून गावाने एखादा माणूस मजुरीने लावलेला असे. त्याने फावड्याने बाहेरचा बर्फ आत आणून पुलाच्या जमिनीवर पसरायचा, विरला की पुन्हा पसरायचा. गावांच्या जुन्या जमाखर्चात पुलात बर्फ घातल्याबद्दल दिलेल्या पैशांच्या नोंदी आढळतात. पहाटेच्या काळोखात, दाढीवर दव गोठलेला एक माणूस डोक्यावर चांगले छप्पर असलेल्या जागेत फावड्याफावड्याने बर्फ नेतो आहे, हे दृश्य त्यानंतर कित्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बर्फ अडवायला छप्पर, या माझ्या उत्तराला त्या माणसाने आपल्या पाठीच्या दुखण्याने खोटे ठरवले होते.

छप्पर पुलासाठी असते, पुलावरच्या माणसांसाठी नव्हे. माणूस भिजला तर वाळतो. लाकडाचे तसे नसते. पुलाचा सगळा भार त्या दोन बाजूंच्या कैच्यांवर, म्हणजे तुळया तिरक्या जोडून केलेल्या सांगाड्यांवर, असतो आणि कैची म्हणजे शेकडो सांधे. सांध्यात शिरलेले पाणी लवकर बाहेर येत नाही. वरून लाकूड सुकलेले दिसते, आत बुरशी आपले काम करत राहते, आणि पुन्हा पाऊस, पुन्हा ऊन, पुन्हा गोठण असे चालू राहिले की उघडा लाकडी पूल दहा ते वीस वर्षांत म्हातारा होतो. पायाखालच्या फळ्या झिजल्या तर चार सुतार लावून बदलता येतात, पण कैची कुजली तर पूलच गेला. तेव्हा बाजूंना फळ्यांची भिंत आणि वर उतरते छप्पर घालून कैच्या कोरड्या ठेवायच्या. तोच पूल मग शंभर वर्षे पार करतो. फिलाडेल्फियाला स्कूलकिल नदीवर टिमथी पामर या सुताराने बांधलेला पूल १८०५ साली असा झाकून घेण्यात आला आणि अमेरिकेतला पहिला छपराचा पूल म्हणून तोच ओळखला जातो. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स हे न्यायाधीश होते. एवढा खर्च करून उभारलेले लाकूड उघड्यावर ठेवू नये, असा आग्रह त्यांनी धरला होता. त्यानंतर ही रीत गावोगाव पसरली. ओढ्या-नाल्यांवरचे पूल धान्याच्या कोठारांसारखे दिसू लागले, कारण पुष्कळदा दोन्ही बांधणारे सुतार तेच होते. घोड्यांना पाणी दिसू नये म्हणून पूल झाकला, गोठ्यात शिरल्यासारखे वाटून जनावरे बुजत नसत, अशाही समजुती या भागात ऐकू येतात. त्या ऐकायला गोड आहेत, आणि जनावरांच्या बाबतीत त्यांत तथ्यही असेल, पण छप्पर घालणाऱ्या सुताराच्या मनात लाकूड होते.

आम्ही पाहिलेल्या त्या विंडसरच्या पुलाची जाळी ज्या रचनेतली आहे ती इथिएल टाउन या न्यू हेवनच्या वास्तुशिल्पकाची. १८२० साली त्याने तिचे पेटंट घेतले, पुढे १८३५ मध्ये सुधारलेल्या रचनेचे. मोठमोठे कोरीव सांधे आणि निष्णात कारागीर यांच्यावाचून, लहान गावातल्या चार-सहा सुतारांना साध्या फळ्यांतून पूल उभा करता यावा, हा त्यातला हेतू. फळ्या एकमेकींवर तिरक्या टाकायच्या, जिथे एकमेकींना छेदतील तिथे भोके पाडून लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. आपल्याकडे कामट्यांची ताटी विणतात तीच कल्पना, फक्त प्रत्येक कामटीच्या जागी फळी. भार एका खांबावर किंवा एका सांध्यावर येत नाही, साऱ्या ताटीत वाटला जातो, आणि एखादी फळी दुबळी झाली तर शेजारच्या तिला सावरून घेतात. टाउन पुलाच्या लांबीप्रमाणे फुटामागे एक डॉलर घेई आणि विनापरवाना बांधलेला पूल सापडला तर दोन. विंडसरच्या पुलात मात्र फळ्यांऐवजी जाड चौकोनी तुळया वापरल्या आहेत. त्या एकमेकींत बसाव्यात म्हणून प्रत्येक छेदाशी खाचा केलेल्या आहेत. जाळी इतकी भरदार आहे की तिच्याकडे पाहताना ताटी आठवण्याऐवजी देवळाच्या लाकडी सभामंडपातले कामच आठवते.

आईच्या माहेरी असा पूल नव्हता, साकव होता.

संगमेश्वर तालुक्यातली तिची वाडी एका पऱ्याच्या पलीकडे आहे. उन्हाळ्यात त्या पऱ्यातून बायका घागरी घेऊन घोट्याएवढ्या पाण्यातून जात. मृगाच्या आधी मात्र, वैशाख संपता संपता, दोन्ही काठांवरच्या घरांतले पुरुष एक दिवस ठरवून जमत आणि साकव घालत. पोफळीची उंच सरळ खोडे आडवी टाकायची, खाली मधोमध दगडांच्या चौथऱ्याचा टेकू, खोडांवर बांबू पसरून काथ्याने आणि रानातल्या चिवट वेलांनी करकचून बांधायचे, एका बाजूला हाताला धरायला एक लांब बांबू. आजी सगळ्यांसाठी भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवी, आणि मुलांचे काम वेल भिजत घालण्याचे. आई सांगते, पहिल्या दिवशी साकव पायाखाली लवलवे आणि ओल्या पोफळीचा हिरवा वास येई. श्रावणात त्यावर शेवाळ धरे, मग कुणीतरी राख टाकी. एखाद्या वर्षी आषाढातच पऱ्याला पूर येई आणि साकव जाई. त्याचे कुणी रडत बसत नसे. पाणी उतरले की पुन्हा खोडे तोडायची. पाऊस संपल्यावर जुनी लाकडे सुकवून चुलीत जात. साकव घालायच्याच दिवसांत, पावसाआधी, घरांची शाकारणी होत असे: कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे ठोकून बघायचे आणि पुन्हा कौले रचायची. घराला छप्पर द्यायचे आणि साकवाला द्यायचे नाही, हा तिथला हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. पोफळीचे खोड आतून भुसभुशीत असते, त्याला कितीही झाका, ते टिकणार किती. शिवाय कोकणातला पाऊस वरून पडतो तेवढाच आडवाही लागतो, आणि चार महिन्यांपुरत्या गरजेला चार महिन्यांपुरता पूल पुरतो.

माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या, आणि कुठली शहाणपणाची असे ठरवण्याचा मोह पहिल्यांदा झालाच. इथल्या माणसांनी पूल राखला. आईच्या वाडीने दरवर्षी पूल जाऊ दिला आणि तो घालण्याची विद्या राखली. पण विंडसरचा इतिहास जरा खोलात शिरून वाचला तेव्हा कळले की नदीने इथेही काही वेगळे वागवलेले नाही. आज उभा आहे तो त्या जागेवरचा चौथा पूल. पहिला १७९६ चा, दुसरा १८२४ चा, तिसरा १८४९ चा. हा तिसरा १८६६ च्या मार्चमध्ये, बर्फ फुटून पाणी चढले तेव्हा गेला, आणि त्याच वर्षी चौथा उभा राहिला. शेजारच्या क्लेअरमाँटचा बेला फ्लेचर आणि कॉर्निशचाच जेम्स टास्कर या दोघांनी तो बांधला. खर्च आला नऊ हजार डॉलर. साडेचारशे फुटांच्या आसपास लांबी, आणि नदीत आधार एकाच दगडी खांबाचा, म्हणजे दोनशे फुटांहून लांब अशा दोन झेपा. टास्कर तेव्हा चाळिशीचा होता, फ्लेचर पंचावन्नचा. पूल वाहून जावा आणि वर्ष उलटायच्या आत एवढा नवा उभा राहावा, यासाठी जी घाई लागते ती मला ओळखीची वाटली. काठावर बसून राहिलेल्यांची घाई सगळीकडे सारखीच असते.

पूल तेव्हा सरकारी नव्हता. खाजगी कंपनीचा होता आणि पलीकडे जायचे तर टोल द्यावा लागे. या खोऱ्यातल्या टेकड्यांवर त्या शतकात मेंढ्यांचे प्रचंड कळप होते आणि बॉस्टनच्या बाजाराकडे हाकलत नेलेली मेंढरे आणि गुरे या नदीवरच्या पुलांवरूनच जात. विंडसर हे १८४६ च्या शस्त्र-कारखान्याचे, यंत्रकारागिरांचे गाव, कॉर्निश शेतकऱ्यांचे आणि पुढे चित्रकार-शिल्पकारांचे. या दोन गावांमधला रोजचा जाण्यायेण्याचा धागा हाच. पुलाच्या कपाळावर अजून पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा. दुडक्या चालीत एका लयीने पडणाऱ्या टापांनी पूल हलू लागतो, हे त्यामागचे भय. आई ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन म्हणाली होती की साकवावरूनही धावायचे नसे, आजोबा ओरडत. १९३६ साली न्यू हॅम्पशायर राज्याने पूल विकत घेतला आणि १९४३ मध्ये टोल बंद झाला. राज्य न्यू हॅम्पशायरच का, तर नदीच त्यांची आहे. १९३३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन राज्यांमधली हद्द पश्चिमेच्या, म्हणजे व्हर्माँटच्या काठाशी पाण्याच्या खालच्या रेषेवर ठरवली. त्यामुळे पूल जवळजवळ सगळा एका राज्यात, आणि दुसऱ्या राज्याच्या अंगणात त्याचे फक्त टोक. काठावरच्या वादांची ही तऱ्हा वाचताना मला बरे वाटले, का ते सांगता येणार नाही. कदाचित आईच्या वाडीतही साकवाच्या खोडांवरून, कुणाच्या बागेतली पोफळ तोडायची यावरून दरवर्षी बोलाचाली होत, म्हणून असेल.

छपराने पाऊस अडतो, पूर अडत नाही. एवढी काळजी घेतलेल्या वस्तूच्या मर्मातच ही एक उघडी जागा राहून गेलेली आहे. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात व्हर्माँटमधले १,२८५ पूल गेले आणि ८४ माणसे गेली. त्या आकड्यात किती गावे एकमेकांपासून तुटली असतील याचा विचार केला की श्वास अडतो. विंडसरचा पूल तेव्हा राहिला. १९३६ च्या वसंतातल्या पुरात आणि १९३८ च्या वादळातही राहिला. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हते. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाचा पाऊस व्हर्माँटच्या अरुंद दऱ्यांमध्ये कोसळला तेव्हा, इथून दक्षिणेला विल्यम्स नदीवरचा बार्टन्सविलचा पूल गेला. सॅनफर्ड ग्रेंजरने १८७० मध्ये बांधलेला, टाउनच्याच जाळीचा. कुणीतरी फोनवर टिपलेली ती काही सेकंदे मी पाहिली आहेत. तांबूस गढूळ पाणी, पूल अजून उभा, छप्पर जागेवर, सगळे व्यवस्थित दिसते आहे, आणि मग काठावरचा आधार खचतो आणि तो अख्खा, न मोडता, घरासारखा पाण्यात बसतो. पाहणाऱ्या बाईचा आवाज फुटतो. आयुष्यभर पावसापासून जपलेले लाकूड एका क्षणात नदीत भिजलेले पाहणे सोपे नाही.

आई आणि मी दोघींनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल पुरात गेल्याची बातमी दोन देशांत बसून एकाच वेळी ऐकली होती. त्या वाटेने आम्ही कितीदा रात्रीच्या एसटीने गेलो होतो. त्यानंतर आई पुलावर गाडी आली की बोलणे थांबवते. विंडसरच्या पुलात ती गप्प होती त्याचे कारण मला तेव्हा जाळीचे सौंदर्य वाटले होते.

बार्टन्सविलकरांनी पूल पुन्हा बांधला. सिमेंटचा बांधला असता तर कुणी नावे ठेवली नसती, पण त्यांनी लाकडाचाच, जाळीचाच, छपराचाच बांधला. जुन्याहून थोडा लांब, म्हणजे पुढच्या पुराला वाट अधिक मिळेल. २०१३ च्या जानेवारीत तो खुला झाला. मी तो पाहिला आहे. लाकूड अजून पुरते करडे झालेले नाही. त्याच्यापाशी उभे राहिल्यावर मला जे वाटले ते नुसते समाधान नव्हते. नव्या लाकडात एक अवघडलेपण असते, नव्या सुनेसारखे, आणि जुन्याच्या जागी त्याला पाहताना गेलेल्याची आठवण अधिकच होते. पण हा पूल बांधताना कुणाला तरी पुन्हा शेकडो भोके ओळीत पाडावी लागली, खुंट्या तासाव्या लागल्या, जाळी आडवी मांडून जुळवावी लागली. म्हणजे इथेही विद्या पुन्हा हातात आली, पूल गेल्यामुळेच आली. आईबरोबरच्या ऑक्टोबरातल्या सहलीत आम्ही व्हर्माँटमधल्या वुडस्टॉकला थांबलो होतो. तिथला गावाच्या मधला छपराचा पूल जुना दिसतो, पण आहे १९६९ चा. मिल्टन ग्रॅटन आणि त्यांच्या मुलाने तो जुन्या रीतीने बांधला आणि बैल लावून, रहाट फिरवत, इंचाइंचाने नदीवर ओढून नेला. पाच वर्षांत तो जाळला गेला, आणि पुन्हा नीट करण्यात आला. आईला बैलांची गोष्ट फार आवडली. कोणत्या जातीचे बैल, हे तिने विचारले आणि मला सांगता आले नाही.

विंडसरच्या पुलाच्या दुरुस्तीविषयी माझे मन अजून एका बाजूला झुकलेले नाही. १९७७ च्या पुराने आणि बर्फाच्या लोंढ्याने त्याला मार दिला होता. शतकभराच्या ओझ्याने तो मध्यावर बसलाही होता. असे पूल बांधतानाच कमानीसारखे किंचित वर उचलून बांधतात, आणि ते उलटे, खाली झुकू लागले की सुतारांच्या भाषेत कंबर गेली. १९८७ मध्ये वाहतूक बंद करून तो दुरुस्तीला घेतला आणि १९८९ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू केला. खर्च ४४ लाख ५० हजार डॉलर. नऊ हजारांच्या पुलाला. खालच्या लांब तुळया, ज्यांवर सगळी ओढ येते, त्या काढून तिथे लाकडाचे थर गोंदाने चिकटवून केलेल्या आधुनिक तुळया बसवल्या. अशा तुळया टास्कर-फ्लेचरांना माहीत नव्हत्या. जुन्या रीतीचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकले आणि त्यांचे खटकणे मला समजते. पण त्या तुळया नसत्या तर आज आईला घेऊन मी त्यातून गाडी नेली नसती, काठावर उभी राहून एका वाळलेल्या सांगाड्याचा फोटो काढला असता. पुलाने माणसे नेली पाहिजेत. नेत नसेल तर तो कितीही अस्सल असला तरी माझ्या लेखी कोठारच. तरीही, आत शिरताना कुठली तुळई १८६६ ची आणि कुठली नाही हे शोधत डोळे फिरत राहतात, आणि एखादी कुऱ्हाडीच्या तासणीची खूण वाटावी अशी रेघ दिसली की उगाच जीव थंडावतो.

आईच्या वाडीत आता सिमेंटचा साकव आहे. नावही साकवच आहे. तो झाला त्या वर्षी बायकांनी त्यावर नारळ फोडला, आणि त्यानंतर पावसात एकही पोर शाळेवाचून राहिले नाही, एकही बाळंतीण झोळीतून न्यावी लागली नाही. त्याच्या विरुद्ध एक शब्दही बोलण्याचा मला अधिकार नाही. फक्त मामाला मागे एकदा विचारले होते की वेल कुठला वापरत, तर त्याला नाव आठवेना. तो अंगणात बसून दोन्ही हातांनी हवेत गाठ बांधून दाखवत होता. हात बरोबर चालत होते, नाव येत नव्हते. त्याच्यानंतर ती गाठ कुणाच्या हातात नाही. मला असे वाटते की एक तरी वर्ष, कुणाला गरज नसताना, शेजारच्याच पऱ्यावर एक पोफळीचा साकव घालून ठेवावा. मामाला हे बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “माणसं कुठायत?” वाडीत तेव्हा सात घरांत मिळून अकरा जण राहत होते.

मार्चच्या मधल्या एका शनिवारी मी एकटीच पुन्हा विंडसरला गेले. काही काम नव्हते. दोन तास गाडी चालवून एक पूल बघायला जाणे घरी समजावणे कठीण होते, पण गेले. कनेक्टिकट नदीवरचा बर्फ फुटू लागला होता. काठाशी राखाडी लाद्या एकमेकींवर चढलेल्या, मधल्या काळ्या पाण्यातून काही सुट्या वाहत येत आणि दगडी खांबाच्या नाकाशी थडकून, क्षणभर उभ्या राहून, फिरून निघून जात. प्रत्येक थडकेचा आवाज वेगळा येई, कधी ठोसा मारल्यासारखा, कधी काच तडकल्यासारखा. दीडशेहून अधिक मार्च या खांबाने असे अंगावर घेतले. पाऊस पडत होता, अर्धा पाणी अर्धा बर्फ, कपड्यांतून आत जाणारा. पुलाच्या छपरावरून तो दोन्ही बाजूंना ओघळत होता आणि वळचणीच्या धारा खाली नदीत पडत होत्या. वळचण हा शब्द मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता.

तिथूनच आईला फोन लावला. डोंबिवलीत रात्रीचे नऊ वाजून गेले होते. ती जेवून पलंगावर पडली होती. मी म्हणाले, “आई, मागच्या वेळी मी तुला चुकीचं सांगितलं.” मग बर्फाची, फावड्याची, घसरगाड्यांची सगळी हकीकत सांगितली, आणि छप्पर कशासाठी ते सांगितले. ती मधे काही बोलली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, “मग मी काय म्हटलं होतं तुला? इरलंच म्हटलं होतं.”

“हो.”

“पाऊस लागतोय तिथे? आवाज येतोय.”

“लागतोय.”

“आतलं लाकूड कोरडं आहे का बघ.”

दोन्ही बाजूंनी गाड्या येत नाहीत असे पाहून मी दाराच्या आत दोन पावले गेले. जाळीतली पहिलीच तिरकी तुळई माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर छेदाला भिडली होती. हातमोजा काढून तळवा तिच्यावर ठेवला. लाकूड गार होते, थोडे खरबरीत, बोटांना बारीक धूळ लागली. डोक्यावर पावसाचा आवाज भरून राहिला होता.

“कोरडं आहे,” मी म्हणाले.

“बाजूचं बघ. जिथं दोन लाकडं मिळतात ना, तिथं. पाणी तिथंच धरतं.”

मी हात सरकवून खाचेत बोटे घातली.